‘फुल बॉडी चेकअप’ची ऑफर तर आली, पण पुरुषांनी नेमक्या कोणत्या तपासण्या करायच्या?

दर आठ-पंधरा दिवसांनी फोनवर एक मेसेज येतोच. ‘फुल बॉडी चेकअप, ७२ टेस्ट, फक्त ९९९ रुपये, घरी येऊन सॅम्पल नेऊ.’ फादर्स डे आला की बाबांसाठी ऑफर, दिवाळी आली की अख्ख्या घरासाठी ऑफर. आणि त्याच फोनवर मित्रांच्या ग्रुपमध्ये दुसरी बातमी फिरत असते. चाळिशीतला कुणीतरी जिममध्ये कोसळला, आणि खाली हमखास एक कमेंट, ‘अरे, गेल्याच महिन्यात त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते.’

मग माणूस गोंधळतो. टेस्ट करायच्या की नाही? ७२ करायच्या की ७?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: तब्येतीची काहीही तक्रार नसलेल्या बहुतेक पुरुषांना नियमितपणे लागणाऱ्या तपासण्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. बीपी, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल, आणि तंबाखू-सुपारीची सवय असेल तर तोंड. यातल्या तिघांना तर सुईसुद्धा लागत नाही. आता सविस्तर बघू.

(एक गोष्ट आधीच. हे सगळं त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. छातीत दाब, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, थुंकीतून किंवा शौचातून रक्त, असं काही असेल तर तो चेकअपचा विषय नाही. लगेच डॉक्टर, नाहीतर थेट १०८.)

पुरुष मागे का राहतात?

मराठीत एक अचूक शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. बायकाही काढतात, पण गरोदरपण, बाळंतपण, मुलांचं लसीकरण यानिमित्ताने त्यांचा दवाखान्याशी संबंध येतो. तिथे वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं. पुरुषाच्या आयुष्यात असं निमित्तच नसतं. नोकरीला लागताना एकदा मेडिकल झालं की पुढची वीस वर्षं तो दवाखान्यात जातो ते दुसऱ्याला घेऊन. चाळिशीनंतर लायसन्स काढताना आरटीओचा फॉर्म १ए भरावा लागतो, पण तिथेही पुष्कळदा डॉक्टरांची फक्त सही-शिक्का होतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टीमच्या २०१६-२० च्या आकडेवारीप्रमाणे भारतात पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षं आणि स्त्रीचं ७१.४ वर्षं आहे. या फरकामागे तंबाखू, दारू, अपघात अशी बरीच कारणं आहेत, पण उशिरा कळलेलं बीपी आणि साखर हेही त्यातलंच. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये बायकांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम घेतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खास १८ वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीसाठी वेगळी मोहीम काढली. पुरुषांसाठी वेगळी मोहीम काढावी लागते, यातच काय ते आलं.

बीपी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

एकच तपासणी करणार असाल तर ही करा. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरातले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे साधारण ३१.५ कोटी माणसं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात बीपी असलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसतं.

माहीत कसं असणार? बीपी वाढलं की डोकं दुखतं, राग येतो, चेहरा लाल होतो, अशी आपली समजूत. खरं तर बहुतेकांना काहीच होत नाही. वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांवर दाब पडत राहतो आणि मग एक दिवस थेट लकवा, हार्ट अटॅक किंवा निकामी होत आलेली किडनी.

मोजायचं कसं, यावर थोडं थांबू या, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. जिना चढून आलात, खुर्चीत टेकलात आणि नर्सने शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, तर तो आकडा फारसा उपयोगाचा नाही. अर्धा तास आधी चहा, सिगारेट, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही आणि फोन बघायचा नाही. मिनिटभराने पुन्हा एकदा मोजा.

१२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत असेल तर बीपी आहे असं धरतात. घरी मोजताना हीच रेषा १३५/८५ ला येते, कारण दवाखान्यात पांढरा कोट बघूनच काहींचं बीपी चढतं. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. स्मार्टवॉचच्या आकड्यावर तर गोळी सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

बीपी निघालं तर घाबरण्यासारखं काही नाही. २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता. कल्पना अगदी साधी: ठरलेली दोन-तीन स्वस्त औषधं, ती सरकारी केंद्रात कायम उपलब्ध, आणि पेशंट आला नाही तर त्याचा पाठपुरावा. कार्यक्रम देशभर वाढत गेला तो या साधेपणामुळेच. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही जुनीच औषधं आहेत. जनऔषधी केंद्रात त्यांचा महिन्याचा खर्च रोजच्या चहापेक्षा कमी येतो.

‘एकदा गोळी सुरू झाली की कायमची चिकटते’ ही भीती मात्र गावापासून आयटी पार्कपर्यंत सगळीकडे सारखीच दिसते. गोळी कायमची असते, कारण बीपी कायमचं असतं. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणं म्हणजे छत्रीखाली अंग कोरडं राहिलं म्हणून पावसात छत्री मिटणं.

कंबर आणि साखर

‘माझी पँट अजून ३२ चीच आहे’ असं सांगणारे बरेच काका भेटतात. पँट ३२ ची असते, कारण ती पोटाच्या खाली बांधलेली असते. टेप लावायचा तो सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेषा ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पोटाच्या आतल्या चरबीचा साखरेशी आणि हृदयाशी थेट संबंध आहे, त्यामुळे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो.

साखरेसाठी आठ तास उपाशीपोटी रक्त, किंवा एचबीए१सी. दुसऱ्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही आणि ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. उपाशीपोटी १०० च्या आत आणि एचबीए१सी ५.७ च्या आत असेल तर ठीक. १२६ किंवा ६.५ च्या वर गेलं आणि पुन्हा तपासून तेच आलं, तर मधुमेह. मधला पट्टा म्हणजे प्री-डायबेटिस. इंडियाबच्या अंदाजाने देशात मधुमेही १०.१ कोटी आहेत आणि या मधल्या पट्ट्यात त्याहून जास्त, १३.६ कोटी.

हा मधला पट्टाच खरा महत्त्वाचा, कारण इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्री-डायबेटिस असलेल्या भारतीयांना फक्त चालणं आणि आहार यावर ठेवलं, तर पुढच्या तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. औषध न देता.

एक बारकावा: अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेलसारखा आजार असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भ, नंदुरबार या पट्ट्यातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं आणि उपाशीपोटीच्या साखरेवर जास्त भर द्यावा.

‘ईसीजी नॉर्मल होता, मग अटॅक कसा आला?’

जिमवाल्या बातमीतला खरा प्रश्न हाच. ईसीजी म्हणजे त्या क्षणी हृदयात विजेचा प्रवाह कसा चाललाय, याचा फोटो. स्ट्रेस टेस्ट सांगते की जोर लावल्यावर रक्तपुरवठा कमी पडतोय का. म्हणजे रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असेल तरच ती पकडली जाते. पण अनेकांना अटॅक येतो तो अर्ध्याहून कमी अरुंद झालेल्या ठिकाणी. तिथला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. आदल्या दिवशीचा ईसीजी याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

म्हणून धोका कमी असलेल्या, काही त्रास नसलेल्या माणसाला दरवर्षी ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट करायची गरज नसते. धोका कळतो तो बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घराण्याचा इतिहास एकत्र मांडल्यावर. ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीची वाट बघण्यात अर्थ नाही. कोलेस्टेरॉल तिशीत एकदा तरी बघा. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर विशीतच. एलडीएल १९० च्या वर असेल तर ते आनुवंशिक असू शकतं, अशा वेळी घरातल्या बाकीच्यांचंही तपासतात. लिपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते, तिचा आकडा बहुतांशी जन्मापासून ठरलेला असतो.

तोंड उघडा

हा भाग तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, सुपारी खाणाऱ्यांसाठी. ‘मी फक्त जेवणानंतर एक चिमूट’ म्हणणारेही यात आले. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानटपरीवर काय काय मिळतं ते सांगायला नको.

या कॅन्सरची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तो लपून वाढत नाही, आरशात दिसतो. उजेडात उभं राहून गाल आतून, ओठ उलटवून, जीभ वर करून तिच्या खाली आणि दोन्ही कडांना बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट लागताच होणारी आग, ही लक्षणं. आणि एक घरगुती परीक्षा: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आवळत चाललंय. खर्रा खाणाऱ्या पंचविशीतल्या मुलांमध्येही हे दिसतं.

केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी फक्त टॉर्च घेऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मशीन नाही, रक्त नाही, एक टॉर्च आणि बघायचं कसं हे शिकलेला माणूस. ९९९ च्या पॅकेजमध्ये ही तपासणी जवळपास कधीच नसते. ती दातांचे डॉक्टर करतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

७२ टेस्टचं गणित

आता त्या पॅकेजकडे येऊ. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल रेंज’ लिहिलेली असते. ती सहसा अशी ठरवतात की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के लोक त्यात बसावेत. म्हणजे अगदी निरोगी माणसाचाही कोणत्याही एका तपासणीत आकडा रेंजबाहेर जायची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर किमान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ६० केल्या तर ९५ टक्के. पॅकेजमधल्या बऱ्याच तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण मुद्दा तोच. भरपूर टेस्ट केल्या की काहीतरी ‘निघणारच’.

मग त्या लाल अक्षरासाठी सोनोग्राफी, तिथे लिव्हरवर काहीतरी डाग, त्यासाठी सीटी स्कॅन, आणि तीन आठवडे घराची झोप उडालेली. काही पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए, सीए १९-९ घातलेले असतात. हे मार्कर मुख्यतः कॅन्सर झालेल्यांच्या उपचारांवर लक्ष ठेवायला वापरतात. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला ते भरवशाचे नाहीत.

शिवाय ७२ हा आकडाही थोडा फुगवलेलाच असतो. एका सीबीसीमध्ये वीसेक आकडे येतात, तेही वीस टेस्ट म्हणून मोजतात.

कोक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये अशा सरसकट हेल्थ चेकअपच्या प्रयोगांचा आढावा घेतला. एकूण अडीच लाखांवर माणसं. निष्कर्ष: सरसकट चेकअपमुळे मृत्यूचं प्रमाण जवळजवळ बदललं नाही. हे वाचून ‘बघा, मी म्हणत होतोच’ म्हणून सोफ्यावर आडवं व्हायचा मोह होईल. पण हे प्रयोग मुख्यतः युरोप-अमेरिकेतले, आणि तिथल्या अनेकांचा ठरलेला फॅमिली डॉक्टर एरवीही बीपी बघत असतो. आपल्याकडे ज्याचं बीपी दहा वर्षांत कुणीच मोजलेलं नाही, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच की फायदा रिपोर्टच्या फाइलमध्ये नसतो. १५०/१०० निघाल्यावर सहा महिन्यांनी ते १३० वर आलं का, याच्यात असतो.

प्रोस्टेटची पीएसए: करायची की नाही?

पन्नाशीनंतरच्या पॅकेजमध्ये ही हमखास असते. वयाबरोबर बऱ्याच पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये अगदी सावकाश वाढणारा कॅन्सर असतो आणि तो जन्मभर काही त्रासही देत नाही. पीएसए केली की तो सापडतो, मग बायोप्सी, ऑपरेशन, आणि काहींच्या वाट्याला लघवीवरचा ताबा जाणं किंवा लैंगिक अडचण येते. दुसरीकडे, वेगाने पसरणारा कॅन्सर वेळेत पकडला जाऊन काहींचा जीव वाचतो हेही खरं. १९७० मध्ये पीएसए शोधणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून तिच्या सरसकट वापरावर कडक टीका केली होती.

अमेरिकेच्या तज्ज्ञगटाचा २०१८ चा सल्ला असा: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, सत्तरीनंतर सरसकट करू नका. वडील किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर बोलणं आधीच सुरू करा. आणि रात्री तीनदा उठावं लागतं म्हणून कॅन्सरच असेल असं नाही, बहुतेकदा ती वयाने वाढलेली साधी ग्रंथी असते. लघवीत इन्फेक्शन असताना किंवा लांब सायकल चालवल्यावर पीएसए वाढलेली येऊ शकते.

बाकीच्या तपासण्या, भरभर

बीपी किंवा साखर असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. मधुमेह असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणीही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी आयुष्यात एकदा तरी. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गोपनीय होते. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, डॉक्टरांना विचारा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘एक्स-रे क्लिअर आहे’ यावर विसंबू नये, साध्या एक्स-रेने फुप्फुसाचा कॅन्सर वेळेत सापडेल याचा भरवसा नाही.

जे रक्तात दिसत नाही

तीन गोष्टी पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत. एक, लैंगिक ताठरता कमी होणं. लाज वाटते, मग ‘मर्दानी ताकद’वाल्या पुड्या सुरू होतात. पण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसू शकतो आणि काही वर्षांनी हृदयात. म्हणजे ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. दोन, मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलक्या. हा स्लीप अ‍ॅप्नियाही असू शकतो. हे तुम्हाला कळणार नाही, बायकोला विचारा. तीन, मन. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत साधारण सात पुरुष असतात. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल तर तेही दुखणंच आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कुठे, किती वेळाने, किती पैसे?

तिशीनंतर बीपी, कंबर आणि साखर वर्षातून एकदा. कोलेस्टेरॉल चांगलं असेल तर चार-पाच वर्षांनी एकदा चालतं. तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांतून एकदा धरली आहे, पण तंबाखू सुरू असेल तर एवढं थांबू नका.

३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातले आजार यांचे गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली तर आधी तपासणी. अडचण एवढीच की त्या दिवसा येतात आणि तेव्हा पुरुष कामावर असतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन करून ठेवला तर काम होतं.

खासगी लॅबमध्ये करायचं असेल तर पॅकेज न घेता डॉक्टरांकडून चार नावं लिहून घ्या. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा, बऱ्याच पॉलिसींत ठरावीक काळाने मोफत तपासणी असते आणि ती वापरायची राहून जाते. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०डी खाली प्रतिबंधक तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती विम्याच्या एकूण मर्यादेतच धरतात, पण तपासणीचे पैसे रोख दिले असले तरी चालतात. पावती मात्र जपून ठेवा, आणि मागच्या वर्षीचा रिपोर्टही. १०८ ही साखर एकटीच बघितली तर डॉक्टर ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणतील. आधीच्या दोन वर्षांत ती ९२ आणि ९९ होती हे दिसलं, तर बोलणं वेगळं होईल.